बैलगाडीवरून उतरवलेले टायर

टायर घ्यायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो. तलाठी असो, डॉक्टर असो, केळीचा बागाईतदार असो, बूट घातलेला असो की चप्पल. लाथ मारून त्याला काय समजतं हे मला चाळीस वर्षांत समजलेलं नाही. पण धंद्याची रीत म्हणून मीही त्याच्या शेजारी उभा राहून एक हळूच मारत असे, आणि मग आम्ही दोघं मान हलवत असू.

कळमनुरीत नांदेड रोडला माझं टायरचं दुकान. आता जावई बघतो, मी खुर्चीवर बसून हवा किती भरायची ते सांगतो आणि तो ऐकल्यासारखं करतो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायला मराठीच जवळची. हा लेख सुलोचनाबाईंनी तपासला आहे. त्या मुलींच्या शाळेत गणिताच्या बाई होत्या, माझी थोरली त्यांच्या हाताखाली शिकली. ऱ्हस्व-दीर्घ त्यांचे, बाकी चुका माझ्या. मुख्य चूक तर याच लेखात आहे आणि ती त्यांच्याच बाबतीत झाली, म्हणून तपासताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं टायर म्हणजे काळं, गोल, सगळं एकसारखं. तसं नाही. टायरच्या बाजूवर त्याची सगळी कुंडली लिहिलेली असते: माप, किती वजन पेलेल, किती वेगाला टिकेल, कुठल्या वर्षी कितव्या आठवड्यात जन्मला. आम्ही जुने लोक ती कुंडली फारशी वाचत नव्हतो. नक्षीच्या खाचेत आगकाडी उभी करायची. काडीचा गुल बुडाला तर टायर जिवंत, वर राहिला तर संपला. आणि गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "गाडी जाती कुठं अन् नेती काय?" त्याच्या उत्तरावर टायर काढून द्यायचा. मला या प्रश्नाचा फार अभिमान होता.

काळ्या-पिवळ्या जिपा जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. एका ड्रायव्हरला मी विचारलं, किती माणसं बसवतोस? तो म्हणाला, "मोजून न्हाई बसवत चाचा. दार लागलं की भरली." मी म्हटलं, अन् दारच नाही लागलं तर? "मंग दार काढून ठेवतो." अशा माणसाला काय कुंडली वाचून दाखवणार? त्याला सगळ्यात जाड, सगळ्यात कडक टायर द्यायचा आणि अल्लावर सोडायचं. दुसरा एक जण पोराच्या सोयरिकीला निघाला होता. म्हणाला, डावीकडचे दोनच टायर नवे टाका, सोयऱ्याच्या अंगणात गाडी डाव्या अंगानंच दिसते. मी ऐकलं नाही. पुढची जोडी नवी टाकली आणि मागच्या जोडीला काळं पॉलिश मारून दिलं. सोयरीक जमली. त्या लग्नाच्या पंगतीत मला पहिल्या ओळीत बसवलं होतं.

आमच्या जिल्ह्याची आवड ही अशी, दणकट. गिट्टीचा रस्ता, शेताची वाट, वर पोती. टायर जितका जाड तितका चांगला. हे मला इतकं पाठ झालं होतं की त्याच्यापलीकडे बघायची गरज कधी पडली नाही.

मागच्या मार्चमध्ये सुलोचनाबाईंची गाडी दुकानासमोर आली. आली म्हणजे आवाजच नाही, वळून बघतो तर दारात उभी. विजेची गाडी. मुलगा नितीन पुण्याला असतो, त्यानं नवी घेतली आणि ही आपली जुनी आईला दिली. नवरा गेल्यावर, साठीच्या पुढे बाई गाडी शिकल्या. कशासाठी, तर त्यांची थोरली बहीण नांदेडला भाच्यांकडं आहे. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, दोन वर्षं अंथरुणावर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बाई सकाळी निघायच्या, बहिणीला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालायच्या, केसांना तेल लावून वेणी घालायच्या, जेवू घालायच्या आणि उन्हं कलताना परत. "दुसऱ्या कुणाच्या हाताला ती डोकं देत नाही," असं त्या सांगायच्या.

मी सवयीनं जॅक खाली सरकवला तर बाई ओरडल्या, "हबीबभाई, तिथं नको. खाली सगळी बॅटरी आहे. कडेला खूण केलीय, तिथंच लावा." मी जॅक मागे घेतला. तेव्हाच समजायला हवं होतं की या गाडीबद्दल बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण माणूस म्हातारा झाला की शिकायचं सोडून शिकवायला लागतो.

महिनाभरात दोनदा पंक्चर झालं होतं आणि या गाडीला स्टेपनी नाही. मी काडी लावली. विजेची गाडी निघतानाच एकदम जोर करते, त्यामुळे पुढचे टायर बरेच घासले होते, मागचे बरे होते. खरं तर त्या चौघांवर गाडी अजून काही महिने गेली असती. पण मी म्हणालो, "बाई, हे नाजूक टायर शहरातल्या रस्त्याचे. तुमी बाईमाणूस एकटं जाता. चारही बदला, असे देतो की खिळ्याला घाम फुटंल."

त्यांनी विचारलं होतं. ते मला स्पष्ट आठवतं. "विजेच्या गाडीला काही वेगळे लागतात का हो?" आणि मी म्हणालो होतो, "टायरला काय ठावं बाई, वर वीज हाय का डिझेल."

जिपेला घालतो तसले जाड नक्षीचे टायर चढवले. उन्हाळा तोंडावर होता, आमच्याकडं उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवायची रीत, उन्हानं वाढते म्हणून; तशी कमी भरून दिली. गाडी उंच, रुबाबदार दिसायला लागली. बाई खूश, मी त्याहून खूश.

जुन्या टायरांचीही आमच्याकडं एक रीत आहे. मोटारीचा उतरलेला टायर बैलगाडीला जातो. लाकडी चाकाची गाडी आता बघायला मिळत नाही, सगळ्या रबरी चाकावर. आमच्या पलीकडच्या गावचे मारोतराव जोडीच्या शोधात होतेच. मागचे दोन बरे टायर त्यांच्या गाडीच्या रिमवर ओढूनताणून बसवून दिले. पुढचे दोन दुकानामागच्या ढिगात टाकले.

मे महिन्यातल्या एका बुधवारी बाई रिक्षानं दुकानात आल्या. चेहरा उतरलेला. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हबीबभाई, गाडीला गिऱ्हाईक बघा."

"काहून बाई? काय झालं?"

त्यांनी सांगितलं ते असं. नांदेडहून परत येईपर्यंत आधी बॅटरीत अठरा-एकोणीस टक्के शिल्लक राहायचे. उन्हाळा लागला आणि ते कमी होत गेले. पहिल्यांदा चारच उरले तेव्हा त्या घाबरल्या. मग त्यांनी एसी बंद करून, काचा खाली करून जायला सुरुवात केली. दोन महिने या उन्हात त्या तशा जात-येत होत्या. नांदेडात चार्जर आहे, पण बहिणीच्या गल्लीपासून लांब. तिथं तास घालवला तर बहिणीचा तास जातो. काल लू इतकी होती की एसी लावल्याशिवाय इलाज नव्हता, आणि गाडी बाळापूरच्या अलीकडे बंद पडली. चार माणसांनी ढकलून एका ढाब्यात नेली, ढाबेवाल्यानं साधा प्लग दिला, दिवेलागणीपर्यंत बाई बाजेवर बसून राहिल्या. नेमका तेव्हाच नितीनचा फोन आला.

"कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं. तो म्हणाला जुनी गाडी आहे, बॅटरीचं वय झालं असणार. नितीन शनिवारी येतोय. गाडी विकायची आणि मला पुण्याला न्यायचं म्हणतो. त्याचंही चुकत नाही, रस्त्यात बसलेली आई कुणाला बघवेल?" मग म्हणाल्या, "ताईचं काय, ते मला सुचत नाही. ती माझी वाट बघत वार मोजते."

बघतो म्हणालो. जाता जाता त्या म्हणाल्या, "टायर नवे आहेत हे गिऱ्हाइकाला सांगा. तेवढीच जमेची बाजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव आले. शेणखत वाहायचे दिवस, माणूस धुळीनं माखलेला. आल्या आल्या म्हणाले, "हबीबभाई, तसलीच अजून एक जोडी पायजे. भावाच्या गाडीला."

"कसली?"

"आवो तीच, मास्तरीणबाईच्या गाडीची. काय टायर हाय! आधी खताची गाडी वढून चढावर बैलं जीभ काढायची. आता मान वर करून चालून राहिली. परवा उताराला तर गाडीच बैलाच्या म्होरं पळाया लागली, मला चाक रोखाया वढण लावावं लागलं. चाक असं घरंगळतं, जसं काय तेल लावलंय."

मी हसलो. म्हणालो, मारोतराव, टायर तेच असतात, तुमची बैलं गुटगुटीत झाली असतील.

"बैलं तीच हायेत. खत तेच हाय. वाट तीच हाय. टायर बदलले फकस्त."

हे वाक्य बोलून ते चहा प्यायला गेले आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. बाई तीच, गाडी तीच, वाट तीच, टायर बदलले फक्त. बैलांना हलकं झालं ते ओझं गेलं कुठं? ते मी बाईंच्या गाडीला लावून दिलं होतं.

उठून मागच्या ढिगातून पुढची जुनी जोडी काढली, पुसली, चष्मा लावला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा टायरची बाजू पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. विजेच्या गाडीसाठी केलेला आहे अशी खूण त्याच्यावर होती. मग नांदेडच्या मोठ्या व्यापाऱ्याला फोन करून नीट विचारून घेतलं. विजेची गाडी बॅटरीमुळं जड, म्हणून टायर वजन पेलणारा हवा. पण घरंगळायला हलका हवा, कारण जी ताकद टायर खातो ती बॅटरीतून जाते. डिझेलच्या गाडीत एवढं ध्यानात येत नाही, पंप गावोगाव आहेत. मी दिलेले टायर वजनाला मजबूत होते, पण त्यांना घरंगळायचा कंटाळा होता. वरून हवाही कमी, म्हणजे रस्त्याला चिकटून चालणार. योग्य टायर मागवले तर यायला आठवडा लागेल, असं व्यापाऱ्यानं सांगितलं. नितीन परवा येणार होता.

इथं मला एक कबूल करायचं आहे. माझ्याकडं कुणीही बोट दाखवलं नव्हतं. बाईंनी बॅटरीला दोष दिला होता, कंपनीच्या माणसानं बॅटरीला, नितीननं बॅटरीला. मी गप्प बसलो असतो तर हबीब टायरवाल्याची चूक झाली हे कळमनुरीत कुणाला कधीच समजलं नसतं. दुपारच्या नमाजाला उभा राहिलो तरी हाच विचार. तेवढ्यात मला बाईंच्या त्या उघड्या काचा आठवल्या. मे महिन्यातली लू तोंडावर घेत सहासष्ट वर्षांची बाई गाडी चालवते आहे, आणि का, तर माझ्या ऐटीपायी. मला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी मारोतरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, गेलो. सगळं सांगून टायर परत मागितले, दोन-तीन दिवसांसाठी.

"न्हाई देत," ते म्हणाले. "बैलांला सवय लागली."

"मारोतराव, एका म्हाताऱ्या माणसाचा सवाल हाय. तुमच्या टायरावरच कळंल खरं काय ते."

त्यांनी थोडा वेळ बैलाची पाठ खाजवली. मग म्हणाले, "सोमवारपत्तुर गाडी उभी ठेवतो. पण टायर न्हाई आणले तर बैलांला तुमी समजवा." आणि स्वतःच पाना घेऊन आले.

शनिवारी संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. नितीन दारातच भेटला, भला पोरगा, पण ठरवून आलेला. मला वाटलं होतं हळूहळू विषय काढावा. तोंडातून निघालं ते एकदम निघालं.

"गाडीला काही झालेलं न्हाई. चूक माझी हाय."

नितीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही आईला सांभाळून घ्यायला म्हणून तर बोलत नाही ना? तिनं तुम्हाला पाठवलं असेल."

"बाईंना ठाऊकच न्हाई. चाळीस वर्षं धंदा केला, एकाही गिऱ्हाइकापुढं असं उभं राहायची पाळी आली न्हाई. खोटं बोलायचं असतं तर दुसरं काहीतरी बोललो असतो."

बाई आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता वर्गात उभं करतात तसं उभं करणार. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"व्हय. विचारलं होतं."

"आणि मी तरी काय केलं? टायर बदलले आणि उन्हाळा लागला, दोन्ही एकदम. मी उन्हाळा धरला आणि टायर सोडून दिले. मुलींना असं करताना पकडलं असतं तर पुन्हा गणित करायला लावलं असतं." मग नितीनकडं वळून म्हणाल्या, "उद्या करून बघू. एसी लावून."

रविवारी सकाळी दुकान उघडून चारही जुने टायर चढवले. पुढची घासलेली जोडी मागे घातली, मारोतरावांची बरी जोडी पुढे; खाचेत शेण होतं ते काडीनं काढलं. दाराच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर हवा किती ते लिहिलेलं असतं. तो कागद मार्चमध्येही तिथंच होता. त्याबरहुकूम भरली.

बाई चालवत होत्या, शेजारी नितीन, मागे मी. शंभर टक्क्यांवर निघालो. असा प्रवास मी आयुष्यात केला नाही. बाळापूर गेलं, वारंगा गेलं, डोंगरकडा गेलं, मी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही. दोन सीटांच्या मधून मान काढून आकडाच बघत होतो. नांदेडला बहिणीला आनंद झाला, तिला वाटलं रविवारचाही मंगळवार झाला. बाईंनी तिची वेणी घातली. परत निघालो तेव्हा बाहेर लू आणि आत एसी. बाळापूरच्या अलीकडचा तो ढाबा आला. बाईंनी गाडी जरा हळू केली. आकडा सत्तावीसवर होता. ढाबेवाल्यानं गाडी ओळखून हात केला.

कळमनुरीत दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा अठरा टक्के उरले होते. नितीन खाली उतरला, गाडीला एक चक्कर मारली आणि पुढच्या टायरला हळूच लाथ मारली. मग आईला म्हणाला, "राहा मग इथंच." एवढंच. माझ्या छातीवरून ट्रॉली उतरल्यासारखं झालं. मी दुकानात जाऊन दोन ग्लास पाणी प्यालो.

पुढच्या आठवड्यात योग्य टायर आले. मापाचे, वजनाचे, हलके चालणारे. यावेळी मी कुंडली वाचली आणि बाईंनीही वाचली. माझे दणकट टायर एका जिपेला गेले, तिथं ते अजून सुखात आहेत. योग्य टायर येईपर्यंत बाई जुन्या टायरांवरच जात होत्या, म्हणून मारोतरावांची सोमवारची मुदत काही पाळता आली नाही. बुधवारी टायर घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "बैलं रुसली व्हती." भावासाठी म्हणून दुसरी जोडीही देऊन आलो.

नव्या टायरांवरचा पहिला शुक्रवार. मी चारपासूनच रस्त्याकडं तोंड करून बसलो होतो. बाई साडेपाचला येतात. साडेपाच झाले, सहा झाले, गाडी नाही. फोन करावा तर त्या चालवताना उचलत नाहीत. जावई म्हणाला, येतील अब्बा. मला मात्र तो ढाबा आणि ती बाज दिसायला लागली. सगळं नीट वाचलं होतं, तरी काही राहिलं तर नसेल?

साडेसहाला आवाज न करता गाडी समोर येऊन थांबली. मी उठून काचेपाशी गेलो.

"काहून उशीर झाला बाई?"

"ताईनं केला," त्या म्हणाल्या. "तिला सांगितलं, आता घरी पोचल्यावरही सतरा-अठरा टक्के उरतात. तर म्हणाली, उरतात तर मला फिरव की. भाच्यांनी खुर्चीसकट खाली आणून पुढं बसवली. घाटावर नेलं होतं तिला, गोदावरी दाखवायला. दोन वर्षांत भिंतीशिवाय काही बघितलं नव्हतं तिनं. पाण्याकडं बघत बसली, उठायलाच तयार नाही."

"अन् एवढं फिरून उरले किती?"

बाईंनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलले आणि एक बोट दुमडून नऊ बोटं दाखवली.

माझे डोळे भरून आले होते आणि जावई बघत होता. हवा बघायचं निमित्त करून मी काटा घेतला आणि पुढच्या चाकापाशी खाली वाकलो. हवा बराबर होती.